तळ्याकाठी बाग करताना काठावरच्या लोकांना डिझाइनमध्ये खरंच घेता येतं काय?

तुम्ही विचारलंय की गावच्या तळ्याकाठी बाग मंजूर झालीय, काठावर भोई लोकांची जुनी वस्ती आहे, त्यांना डिझाइनमध्ये घ्यायचं म्हणजे नेमकं काय करायचं, का नुसत्या सह्या घ्यायच्या. मी कर्नाटकातल्या, बेळगावजवळच्या खानापूरचा, फरशी आणि पेव्हरची लहान कामं घेतो.

आधी माझंच सांगतो. काही वर्षांमागं अशाच एका तळ्यावर मी सबकॉन्ट्रॅक्टर होतो. ड्रॉइंग वरून आलेलं, वॉकिंग ट्रॅक, कारंजं आणि काठानं सगळीकडं ग्रिल. नोटीस लागली ती ऑफिसच्या बोर्डावर, कन्नडात, आणि वस्ती सगळी मराठी बोलणारी, कोण वाचतंय? एक आजी दोन-तीनदा येऊन म्हणाली, "बाळा, जाळी वाळवायची कुठं रे आमी?" मी म्हटलं साहेबांना विचारा. उद्घाटन होऊन महिना झाला नसेल तर रात्रीत ग्रिल कापलेलं, चोरीची तक्रार झाली, खरं कापलेलं होतं ते बरोब्बर त्यांच्या होडी उतरवायच्या वाटेवर, आणि ग्रिलचा तुकडा तिथंच पडलेला, चोर असा टाकून जातो काय ओ?

नंतर बहिणीकडं न्यूझीलंडला गेलो, क्राइस्टचर्चला. तिथं २२ फेब्रुवारी २०११ ला भूकंप झाला, १८५ माणसं गेली, मग शहराचा मधला भाग आणि एव्हन नदीचा काठ नव्यानं बांधला. तिथले मूळ रहिवासी माओरी, त्यांच्या भाषेत नदीचं नाव ओताकारो, म्हणजे खेळाची जागा. मोठी माणसं तिथं मासे वगैरे गोळा करायची आणि पोरं काठावर खेळायची, म्हणून ते नाव. काठानं चालताना जमिनीत दगडाच्या चटया दिसतात, एकूण १३, नाव ना फारिकी मनाकी, म्हणजे स्वागताच्या चटया. पाहुण्याला गावात घेण्याची माओरींची जी रीत आहे ती त्यात क्रमानं येते. नक्षी आर्किटेक्टची नव्हे, रेइहाना पराटा आणि मोरेहू फ्लुटी-हेनारे या दोन विणकर बायकांची. मी गुडघ्यावर बसून जॉइंट बघत होतो, बहीण म्हणाली उठ, लोक बघालेत. आमच्याकडं एक तिरकी लादी कापायची म्हटली तरी गवंडी तोंड वाकडं करतो.

खरं चटई बघून भुलू नका. खरी गोष्ट कागदात आहे. भूकंपानंतरच्या २०११ च्या कायद्यातच पुनर्बांधणीचं धोरण करताना नाई ताहू या तिथल्या माओरी जमातीच्या संस्थेला सोबत घ्यायचं असं नावानिशी होतं, आणि त्याआधी १९९८ मध्ये सरकारनं त्यांच्याशी जमिनीचा जुना हिशेब कायद्यानं मिटवलेला, भरपाईसकट. त्यामुळं ते अर्ज घेऊन दारात उभे नव्हते, टेबलाला बसलेले होते. मातापोपोरे नावाची त्यांची संस्था डिझाइनवाल्यांसोबत काम करायची.

आपल्या भोई लोकांच्या हातात असा कायदा नाही (ते तसे मूळ रहिवासी की नाही हा वाद तूर्त सोडा, पोट पाण्यावर आहे एवढं पुरे). म्हणून जे करायचं ते डीपीआर (कामाचा सविस्तर प्रकल्प अहवाल) व्हायच्या आत करा, एकदा एस्टिमेट मंजूर झालं की मग तुम्हाला फक्त बाकड्याचा रंग विचारतात. मीटिंग सकाळी अकराला ऑफिसात ठेवू नका, संध्याकाळी वस्तीतच, आणि बायकांना वेगळं विचारा, सगळ्यांसमोर त्या बोलत नाहीत. त्यांच्यासोबत तळ्याला दोन चकरा मारा, एक मे महिन्यात आणि एक आषाढात, कारण पाणी कुठवर येतं हे सर्व्हेवाल्यापेक्षा त्यांना जास्त ठाऊक. त्या दिवसांची मजुरी द्या की ओ, सल्ला फुकट का घ्यायचा? आणि मासेमारीचा ठेका कुणाकडं जातोय तेही आत्ताच विचारून ठेवा, तो बाहेरच्यानं घेतला तर होडीचा घाट बांधून काय उपयोग.

ड्रॉइंग आलं असेल तर पहिलं ग्रिल कुठून कुठवर आहे ते बघा आणि वस्तीत नेऊन दाखवा. प्रिंट मात्र मोठी काढा, ए-फोरवर आजीला काय दिसणार.