सिलेंडर नसलेलं आजोबांचं रिव्हॉल्व्हर आणि टर्नरला पाठवलेली मापं

सातारा जिल्ह्यातल्या एका वाचकाचा मेल आलाय. जुन्या घराचा माळा आवरताना पत्र्याच्या ट्रंकेत आजोबांचं वेब्ली मार्क सिक्स रिव्हॉल्व्हर सापडलं. आजोबा फौजेत होते, १९९१ ला वारले. रिव्हॉल्व्हरला सिलेंडर (काडतुसं बसतात तो फिरता भाग) नाही, बॅरल बंद करणारी खटकी नाही, मुठीची एक पट्टी तुटलीये, आणि सोबत हिरवी पडलेली दोन काडतुसं. सापडून आठ महिने झाले. या आठ महिन्यांत यांनी काय केलं, तर यूट्यूबवर रिस्टोरेशनचे व्हिडिओ पाहिले, परदेशी साइटवर सिलेंडर शोधून ठेवला, आणि एमआयडीसीतल्या ओळखीच्या टर्नरला, म्हणजे लेथवर काम करणाऱ्या कारागिराला, व्हॉट्सअॅपवर फोटो नि मापं पाठवली. आता विचारतात, "फक्त सिलेंडर बसवला की पीस कम्प्लीट होईल, चालवायचं नाहीये, शोकेसमध्ये ठेवायचंय, अँटिकला लायसन्स लागत नाही ना?"

असे मेल नेहमी येतात, कुणाकडे ठासणीची बंदूक, कुणाकडे बारा बोअरची नुसती नळी, आणि प्रश्न शेवटी हाच. लायसन्सशिवाय फायरआर्म ठेवता येत नाही हे मी सांगत बसत नाही, ते तुम्हालाही माहितीये, म्हणून तर अँटिकची पळवाट शोधताय.

तर ती पळवाट बघू. १९५९ च्या आर्म्स अॅक्टचं कलम ४५, त्यातला सी क्लॉज. जुन्या बनावटीचं, पुराणवस्तू म्हणून मोल असलेलं किंवा मोडकं हत्यार या कायद्यातून सुटतं, इथपर्यंत सगळे वाचतात आणि खूश होतात. वाक्य पुढे चालू आहे हो. ते हत्यार फायरआर्म म्हणून वापरता येण्यासारखं नसलं पाहिजे, आहे त्या अवस्थेतही नाही आणि दुरुस्ती करूनही नाही. म्हणजे आज त्यातून गोळी सुटत नाही एवढ्याने भागत नाही, दुरुस्त करून सुटेल का हा प्रश्न आहे. आता तुमचाच मेल परत वाचा. फक्त सिलेंडर बसवला की कम्प्लीट होईल, हे सरकारी वकिलाने कोर्टात सिद्ध करायचं असतं, तुम्ही ते स्वतःच्या हाताने लिहून दिलंय, वर टर्नरला मापांसकट. ट्रंकेत गंजून फ्रेम सडली असती, बॅरल फुटलेलं असतं, तर मला तुमच्या बाजूने बोलायला काहीतरी जागा होती. पीस जितका चांगला, तितकी तुमची केस वाईट, असा हा उलटा मामला आहे.

पुढचा डी क्लॉज पण कुणीतरी तुम्हाला दाखवेल, त्यात शस्त्राच्या किरकोळ भागांना सूट आहे. पण ते भाग तुमच्याकडच्या किंवा दुसऱ्या कुणाकडच्या जोडीच्या भागांबरोबर वापरायचा इरादा नसेल तरच. इथे तर फ्रेम घरात आणि सिलेंडर कार्टमध्ये! इरादा शोधायला पोलिसांना लांब जायला नको. शिवाय सिलेंडर किरकोळ भाग आहे असं कोर्टाच्या गळी उतरवणंही मला अवघड दिसतं.

यूट्यूबचं थोडं सांगतो, कारण निम्मा घोळ तिथूनच येतो. ते व्हिडिओ बहुतेक अमेरिकन असतात. तिकडच्या फेडरल कायद्यात १८९८ किंवा त्याआधी बनलेलं हत्यार अँटिक धरतात, आणि बंदूक म्हणजे मुख्यतः तिची फ्रेम, बाकीचे भाग पोस्टाने घरी येतात. आपल्याकडे अशी वर्षाची रेघच नाही. कलम २ मधल्या व्याख्येत शस्त्राचे भाग म्हणजेसुद्धा शस्त्र. आणि मार्क सिक्स हे मॉडेलच १९१५ चं, म्हणजे तिकडच्या हिशोबानेही तुमचं अँटिक ठरत नाही! परदेशातून सिलेंडर मागवाल तर कलम १० खाली इम्पोर्टचं लायसन्स लागतं, नाहीतर पार्सल कस्टम्समध्ये अडकणार आणि त्यावर तुमचं नाव, पत्ता, मोबाईल सगळं असणार.

टर्नरचं मात्र सगळ्यात गंभीर आहे. लायसन्सशिवाय नुसतं बाळगल्याबद्दल कलम २५(१बी) खाली २०१९ च्या दुरुस्तीनंतर २ ते ५ वर्षं आहे, आणि सबळ कारण लिहून कोर्ट त्याहून कमीही देऊ शकतं. पण बिनलायसन्स बनवणं, दुरुस्त करणं, हे कलम ५ चं उल्लंघन, त्याला कलम २५(१) खाली कमीत कमी ७ वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप. लेथवर सिलेंडर फिरवणारा तो माणूस बिचारा पंप नि बुशिंग बनवणारा, त्याला यातलं काही माहीत नसणार, आणि तुम्ही त्याला व्हॉट्सअॅपवर यात ओढलंत. शोकेससाठीच होतं, हे सांगून दुरुस्तीचा गुन्हा पुसला जात नाही.

आता आठ महिने. ताबा म्हणजे जाणीवपूर्वक ताबा, हे सुप्रीम कोर्टाने १९७२ मध्ये गुणवंतलाल केसमध्ये आणि पुढे १९९४ मध्ये संजय दत्त केसमध्ये सांगितलंय. बॅगेत चुकून राहिलेल्या काडतुसाच्या एअरपोर्टवरच्या केसेस हायकोर्टांनी रद्द केल्या त्या याच मुद्द्यावर. ट्रंक उघडली त्या दिवसापर्यंत हा बचाव तुमचाही होता, आणि चांगला होता. दुसऱ्या दिवशी पोलीस स्टेशनला गेला असतात तर हा मेल लिहायची वेळच आली नसती. आता फोटोंवर तारखा आहेत. पण पोलिसांना सापडलं आणि तुम्ही स्वतः आणून दिलं, यात अजूनही जमीन-अस्मानाचा फरक आहे, कारण कलम ३ खालची, म्हणजे बिनलायसन्स बाळगल्याची, केस चालवायला कलम ३९ प्रमाणे डिस्ट्रिक्ट मॅजिस्ट्रेटची (म्हणजे कलेक्टरची) आधी मंजुरी लागते, आणि मंजुरीच्या फायलीत तुमचा अर्ज वरच्या पानावर असलेला बरा.

म्हणून याच आठवड्यात वकिलाकडून अर्ज करून घ्या. कधी, कुठे, कोणासमोर सापडलं, आजोबांचा फौजेतला तपशील, काय काय भाग आहेत, दोन काडतुसं (ती विसरू नका, सी क्लॉजची सूट हत्याराला आहे, काडतुसाला नाही), आणि कलम २१ प्रमाणे जमा करायचंय. टर्नरचं अर्जात किती आणि कसं लिहायचं ते तो वकील कागद बघून ठरवेल, पण खोटं एक अक्षर नको. अर्ज ठाण्यात द्या, प्रत कलेक्टर ऑफिसला, दोन्हीकडे आवकचा शिक्का घ्या. रिव्हॉल्व्हर मोटरसायकलच्या डिकीत घालून स्वतः नेऊ नका, त्यांना घरी येऊन पंचनामा करू दे. ठाण्यात टोलवाटोलवी होईल, साहेब बंदोबस्तात आहेत म्हणतील, शिक्का मिळेपर्यंत उठू नका. आणि गंज घासू नका! नंबर आणि खुणा त्या गंजाखाली आहेत. बाणाची खूण (ब्रिटिश सरकारी मालावरचा छाप) निघाली तर ते मुळात सरकारी हत्यार होतं का, हा वेगळा प्रश्न उभा राहील, पण नंबर पुसलेला निघाला तर त्याहून वाईट.

परत मिळेल का? आजोबांचं लायसन्सचं पुस्तक शोधा, कलेक्टर ऑफिसच्या जुन्या रजिस्टरमध्ये नोंद निघते का बघा. वारस म्हणून अर्ज करता येतो, बाकीच्या वारसांची नाहरकत लागेल. पण मार्क सिक्स .४५५ बोअरचं, ते प्रोहिबिटेड बोअरमध्ये, म्हणजे सामान्य माणसाला सहज न मिळणाऱ्या मापात येतं, त्याचं लायसन्स कलेक्टरच्या हातात नाही, फाईल दिल्लीला केंद्रीय गृह खात्याकडे जाते. .३२ असतं तर गोष्ट वेगळी होती. कायमचं निकामी करून ठेवायची परवानगी मागून बघा, मिळेलच असं मी म्हणणार नाही, आणि स्वतः बॅरलमध्ये वेल्डिंग मारून ठेवणं हा उपाय नाही. समजा लायसन्स मिळालंच, तरी काम लायसन्सधारक गनस्मिथकडेच, टर्नरकडे नाही.

टर्नरला मात्र आजच मेसेज टाका, काम करू नका, काही बनवलं असेल तर तसंच ठेवा. आधीचे मेसेज डिलीट करू नका. ते त्याच्या फोनवर राहणारच आहेत, आणि तुमच्याकडून गायब दिसले तर तुमच्या वकिलाला त्याचं उत्तर द्यावं लागेल.