एसजीपीटी नॉर्मल असलं तरी लिव्हर ठीकच, असं धरू नका

दादा, वडिलांचं वय 56, कामाला यंत्रमागावर, जुनी साखर (मधुमेह), दारूला कधी हात नाही. सोनोग्राफीत लिव्हर खडबडीत, प्लीहा वाढलेली, प्लेटलेट 82 हजार, आणि एसजीपीटी ही लिव्हरची रक्ततपासणी मात्र नॉर्मल. मग न पिणाऱ्या माणसाला सिरॉसिस, म्हणजे व्रण पडून लिव्हर घट्ट होणं, कसा, हा तुमचा प्रश्न. माझ्या मामांचं लिव्हरचं दुखणं आम्ही सोलापुरातच सांभाळलं, त्यामुळे जे कळलंय ते सांगते.

एसजीपीटी म्हणजे लिव्हरच्या पेशींना सध्या किती इजा होतेय, एवढंच. वर्षानुवर्षं व्रण पडून लिव्हर घट्ट झालं की हा आकडा नॉर्मलही येतो. लिव्हर काम किती करतंय ते अल्ब्युमिन (रक्तातलं प्रोटीन), बिलिरुबिन (काविळीचा आकडा) आणि पीटी-आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो) यांवरून कळतं. मला जास्त काळजी प्लेटलेटची वाटते. घट्ट झालेल्या लिव्हरमधून रक्त नीट पुढे जात नाही, मागे शिरांमध्ये दाब वाढतो, प्लीहा फुगते आणि प्लेटलेट तिच्यात अडकून पडतात.

कारण दारूच असतं असं नाही. साखर आणि सुटलेलं पोट असेल तर फॅटी लिव्हरमधूनही सिरॉसिस होतो. तरी हेपॅटायटिस बी आणि सी या दोन्ही तपासण्या कराच. सी बहुतेकांचा साधारण 12 आठवड्यांच्या गोळ्यांनी बरा होतो. बी गोळ्यांनी दाबून ठेवता येतो, पण तो निघाला तर घरातल्या सगळ्यांची तपासणी आणि ज्यांना गरज आहे त्यांना लस हवी.

कावीळ दिसेपर्यंत थांबू नका, ती बऱ्याचदा उशिरा येते. आधी थकवा, भूक मंदावणं, दंड-मांड्या वाळत जाणं, लाल तळवे, छातीवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक शिरा, पायाला सूज, मग पोटात पाणी.

आता पहिलं काम एंडोस्कोपी, म्हणजे तोंडातून कॅमेऱ्याची नळी घालून तपासणी. अन्ननलिकेतल्या शिरा फुगल्या असतील तर गोळ्या देऊन किंवा बँड लावून रक्तस्राव टाळता येतो. रक्ताची उलटी किंवा काळी, चिकट शी झाली तर सकाळची वाट बघायची नाही, त्याच वेळी सिव्हिल किंवा जवळचं मोठं हॉस्पिटल गाठायचं.

दुसरं, मेंदूवरचा परिणाम. लिव्हरला रक्तातली घाण साफ करता आली नाही की ती मेंदूपर्यंत जाते. घरात तो कुणाच्या पटकन लक्षात येत नाही. माणूस दिवसा झोपतो, रात्री जागा राहतो, चिडचिड करतो आणि सगळे म्हणतात, वय झालं. आमच्या मामी रोज चहाच्या वेळी मामांना कॅलेंडरवर सही करायला लावायच्या. एकदा सही ओळ सोडून खाली घसरली, अक्षरं एकमेकांवर चढली. हात पुढे धरून पंजे वर करायला सांगितले तर ते फडफडत होते. पोट साफ झालेलं नव्हतं, तेच निमित्त ठरलं. डॉक्टरांनी लॅक्ट्युलोज हे पोट साफ करणारं औषध दिलं तर दिवसाला दोन-तीन वेळा मऊ शी होईल एवढा डोस लागतो, तो डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या.

पोटात पाणी असताना ताप आला किंवा पोट दुखलं तर ते पाणी तपासायला लागतं, त्यात जंतुसंसर्ग होतो. सिरॉसिसमध्ये लिव्हरचा कॅन्सर होऊ शकतो, तो वेळीच कळावा म्हणून दर 6 महिन्यांनी सोनोग्राफी, बरं वाटत असलं तरी.

'लिव्हर बिघडलंय, डाळ-अंडी बंद' हा सल्ला मनावर घेऊ नका. प्रोटीन कमी केलं की स्नायू आणखी झडतात. वजनाच्या दर किलोला रोज 1.2 ते 1.5 ग्रॅम लागतं. रात्री झोपताना थोडं खायला द्या, साखरेच्या गोळ्यांचा मेळ मात्र डॉक्टरांना विचारून घाला. पोटात पाणी असेल तर मीठ दिवसाला 5 ग्रॅमच्या आत. आपल्याकडे ते शेंगाचटणी, पापड आणि लोणच्यातून जातं. भाकरी खुशाल खाऊ द्या, चटणी घरी बिनमिठाची कुटा.

मागावर उभं राहून अंग दुखतं म्हणून मेडिकलमधून आणलेली डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन बंद. दुखलंच तर पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरांनी सांगितलेल्या मर्यादेत. तुम्ही लिहिलेला गुळवेलीचा काढा आजच थांबवा. 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यावर लिव्हरला इजा झालेले रुग्ण नोंदवले आहेत. जुने सगळे रिपोर्ट तारखेनुसार एका फाइलमध्ये लावून पोटविकारतज्ज्ञांकडे न्या आणि एंडोस्कोपीची तारीख त्याच भेटीत मागा.