मोल: किंमत नव्हे, रास

प्रश्न असा आहे: रसायनशास्त्रातला ‘मोल’ आणि ‘मोलाचा सल्ला’मधलं मोल एकच का? आणि मिठात रेणूच नसतात, तर मिठाचा मोल कसा?

एकच नाही. आपलं मोल ‘मूल्य’पासून आलं, अनमोल, मोलमजुरी, मोलकरीण ही त्याचीच भावंडं. पदार्थ किती आहे ते सांगणारं एकक असलेला मोल जर्मनमधून आला. त्याला आपल्या मोलासारखं चालवूही नये. ‘दोन मोलचं वस्तुमान’ म्हणावं, ‘मोलाचं’ म्हटलं की किंमत डोकावते.

खरी गंमत पुढे आहे. लॅटिनमध्ये ‘मोलेस’ म्हणजे ढीग, अवजड वस्तुमान. डब्याची डबी होते तसं त्याचं लघुरूप झालं ‘मोलेक्युला’, चिमुकला ढीग. त्यावरून ‘मॉलिक्यूल’, आपला रेणू. मग 1890च्या दशकात रसायनशास्त्रज्ञ विल्हेल्म ओस्टवाल्ड यांनी जर्मन ‘मोलेक्यूल’ छाटून ‘मोल’ केला. छाटताना गळून पडला तो नेमका लघुत्वाचा प्रत्यय! शब्द फिरून पुन्हा ढिगावर आला. आपल्याकडे ढिगाला रास किंवा राशी म्हणतात आणि भौतिकशास्त्रात मोजता येणाऱ्या गोष्टीलाही राशीच म्हणतात. मोलला ‘रास’ म्हटलं असतं तर अर्थ पहिल्याच दिवशी कळला असता, असं माझं ठाम मत आहे.

म्हणूनच ‘मोल म्हणजे रसायनातला डझन’ हे वाक्य ऐकलं की मला राग येतो. ते शिक्षकही सांगतात, मार्गदर्शकांतही छापलेलं असतं. ओस्टवाल्ड यांचा मोल ही मोजदाद नव्हतीच. रेणुभाराइतके (रेणूच्या सापेक्ष वजनाच्या आकड्याइतके) ग्रॅम म्हणजे एक मोल, तराजूवर ठेवायची गोष्ट. त्या काळात तर त्यांना अणूंचं अस्तित्वही मान्य नव्हतं! 2019पासून मोलची व्याख्या 6.02214076×10²³ या नेमक्या संख्येवर बांधली आहे, तितके कण म्हणजे एक मोल, हे खरं. पण डझनाने आकडा कळतो, रास कळत नाही. तीन कागदांवर 12 ग्रॅम कार्बनची काळी भुकटी, 32 ग्रॅम पिवळं गंधक आणि साडेअठ्ठावन्न ग्रॅम पांढरं मीठ ओता. तिन्ही ढीग वेगळे दिसतात, वजनं वेगळी, तरी प्रत्येक ढीग एकेक मोलचा: पहिले दोन अणूंचे, तिसरा NaCl या जोडीचा. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की वजनावरून संख्येकडे कसं जायचं ते मुलांना सांगावं लागत नाही.

दुसरा दोष वापरातला: नुसतं ‘एक मोल ऑक्सिजन’. अणूंचा की रेणूंचा? अणूंचा असेल तर 16 ग्रॅम, रेणूंचा असेल तर 32. कशाची रास ते म्हणायलाच हवं.

मिठाचं उत्तर यातच आहे. ‘ग्रॅम-रेणू’ हा मोलसाठीचा जुना शब्द मिठाशी अडतो, कारण तिथे सोडियम आणि क्लोराइड आयनांची (विद्युतभार असलेल्या अणूंची) जाळी असते, सुटा रेणू नसतो. मोलला रेणूच हवा असं नाही. अणू, आयन, इलेक्ट्रॉन, काहीही चालतं. 58.44 ग्रॅम मीठ म्हणजे NaCl या सूत्र-एककांचा (एक सोडियम आणि एक क्लोराइड आयन अशा जोड्यांचा) एक मोल: त्यात सोडियम आयनांचा एक मोल आणि क्लोराइड आयनांचा एक, म्हणजे आयन मोजले तर दोन मोल.