जुन्या पद्मिनीचं इंजिन बांधताना पॅकिंग घालायचं, की नुसतं सिलिकॉन चालेल?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: 1980च्या दशकातली घरची प्रीमियर पद्मिनी आहे, इंजिन पूर्ण खोललंय, पॅकिंगचा (भागांच्या सांध्यांत बसणाऱ्या गॅस्केटचा) पूर्ण सेट मिळत नाहीये. मिस्त्री म्हणतोय, ‘पॅकिंग सोडा, सगळीकडे सिलिकॉन मारतो, थेंबभर गळणार नाही.’ त्याचं ऐकावं का?

माझं उत्तर: ‘सगळीकडे’ला ठाम नकार द्या. दोन-चार जागी सिलिकॉन हवंच, पण ते पॅकिंगच्या सोबतीला.

पॅकिंग फट बुजवतं हे खरं, पण तेवढंच त्याचं काम नाही. त्याची जाडी इंजिनाच्या मापात धरलेली असते. पद्मिनीचं 1089 सीसीचं इंजिन म्हणजे फियाटच्या 1937 सालच्या 508 सी गाडीपासून चालत आलेला आराखडा. सिलिंडरचा व्यास 68 मिमी, स्ट्रोक 75 मिमी, ब्लॉक बिडाचा आणि हेड (सिलिंडरांवरचं झाकण) ॲल्युमिनियमचं. त्या काळात ट्यूबमधलं सिलिकॉन नव्हतंच. कुठे कागद, कुठे कॉर्क, कुठे तांब्याचा पत्रा येणार हे ठरवूनच प्रत्येक भागाचं माप काढलेलं आहे. तो कागद काढून टाकला की भाग तितके जवळ येतात, आणि आतल्या फिरत्या वस्तूंची जागा बदलते.

पेट्रोल पंपाचं बघा. हा पंप कॅमशाफ्टवर चालतो. पंपाखाली जे निघालं असेल, जाड ठोकळा, त्याच्या दोन्ही अंगांचे कागद, त्या सगळ्याची मिळून जाडी पंपाचा दांडा किती दाबला जाईल ते ठरवते. जाडी कमी झाली तर दांडा जास्त दाबला जाऊन डायफ्रॅमवर (पंपातल्या लवचिक पडद्यावर) ताण येतो. जास्त झाली तर पंप पुरेसं पेट्रोल ओढत नाही, आणि घाटात गाडी दम टाकते. मग लोक कार्बोरेटर खोलून बसतात, जिथे काहीच बिघडलेलं नसतं. शिवाय साधं सिलिकॉन पेट्रोलमध्ये फुगतं आणि सुटतं. त्यामुळे पेट्रोल पंप आणि कार्बोरेटर इथे ट्यूबला हातही लावू द्यायचा नाही.

आता हेड. तिथे सिलिकॉनचा प्रश्नच येत नाही. ज्वलनाच्या क्षणी सिलिंडरमधल्या वायूचं तापमान 2000 अंशांच्या आसपास जातं, आणि चांगलं सिलिकॉन अडीचशे-तीनशे अंशांच्या पुढे टिकत नाही. त्यात ॲल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. म्हणजे गाडी तापते-निवते तेव्हा दर वेळी हेड ब्लॉकवर किंचित सरकतं, आणि हे सरकणं हेड पॅकिंगने सोसायचं असतं. जाडीही इथे फार महत्त्वाची. 68 मिमी व्यासाला पॅकिंग अर्ध्या मिलिमीटरने पातळ पडलं तर एकेका सिलिंडरमधली ज्वलनाची जागा साधारण 1.8 सीसीने घटते. हेड आधी दोन-तीनदा घासून घेतलेलं असेल तर त्यात ही भर पडते, दाब वाढतो आणि चढावर इंजिन नॉकिंग (खडखड) करायला लागतं. म्हणून नवं पॅकिंग घेताना जुन्याशेजारी ठेवून जाडी आणि पाण्याची भोकं दोन्ही जुळवा. जुनं पॅकिंग दाबून पातळ झालेलं असतं, तेवढा फरक मनात धरा. जुनं मात्र परत वापरू नका. निव्वळ तांब्याचं पॅकिंग लाल होईस्तोवर तापवून पुन्हा मऊ करता येतं, पण दोन पत्र्यांमध्ये ॲस्बेस्टॉस भरलेलं पॅकिंग एकदा दाबलं गेलं की संपलं. ते खरवडताना आधी पाण्याने चांगलं भिजवा, कोरडी धूळ उडू देऊ नका. ॲस्बेस्टॉसची धूळ फुप्फुसात गेली की बाहेर येत नाही. गॅरेजमध्ये हे कुणी बजावत नाही, म्हणून मुद्दाम लिहितोय.

गळती मुळात होते कशामुळे, हेही समजून घ्या. दहातल्या आठ वेळा पॅकिंग निर्दोष असतं, ज्या पृष्ठभागांमध्ये ते बसतं ते वाकडे असतात. ऑइल चेंबरचा (इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या टाकीचा) पत्रा घ्या. वर्षानुवर्षं बोल्ट करकचून आवळल्यामुळे प्रत्येक भोकाभोवती पत्रा वर उचललेला असतो. कडेला सरळ पट्टी लावलीत तर भोकांपाशी उंचवटे आणि मधल्या भागात उजेड दिसेल. अशा कडेवर कोणतंही पॅकिंग घाला, दोन बोल्टांच्या मधून ऑइल येणारच. उपाय सोपा आहे: कड लाकडी ठोकळ्यावर धरायची आणि गोल तोंडाच्या हातोडीने एकेक उंचवटा हलके ठोकत सपाट करायचा. अर्ध्या तासाचं काम, पण ते टाळायलाच सिलिकॉनचा जाड थर मारला जातो. तो थर बोल्ट आवळताना बाहेर येतो तेवढाच आतही जातो. आतली शेपटी पुढे कधीतरी तुटून ऑइल पंपाच्या जाळीत अडकते, आणि ऑइल प्रेशर पडलं की बेअरिंग जातात. गळणारा थेंब परवडला.

हेडचंही तसंच. सरळ पट्टी आणि फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या) घेऊन लांबीत, रुंदीत आणि तिरकं तपासा. 0.05 मिमीची पातीही शिरली नाही तर उत्तम. 0.10 मिमीची सहज गेली तर हेड फेसिंगला द्या, पण लागेल तेवढंच घासायला सांगा.

पॅकिंग सेटचं बोलायचं तर पुण्यात नाना पेठेत, मुंबईत ऑपेरा हाउसच्या बाजूला समक्ष जाऊन विचारा. पूर्ण सेट नाही मिळाला तरी हेड पॅकिंग मिळवाच, बाकीची घरी कापता येतात. पॅकिंग पेपर त्या भागावर ठेवा आणि कडेकडेने छोट्या हातोडीने टिचक्या मारत जा. धारेवर कागद आपोआप कापला जातो, भोकांसाठी पंच वापरा. फक्त कागदाची जाडी जुन्या पॅकिंगच्या न दाबलेल्या कोपऱ्यावर मोजून घ्या. टॅपेट कव्हरला (हेडच्या वरच्या झाकणाला) कॉर्क लागतं. दुकानात पडून ते सुकतं आणि भोकं जुळत नाहीत. ओढून बसवायला जाऊ नका, थोडा वेळ पाण्यात ठेवा, पुन्हा मापात येतं. कॉर्कला बोल्ट बेताने आवळायचे, कडेने फुगून बाहेर आलं म्हणजे जास्त झालं.

काही जागी मुळातच पॅकिंग नसतं, तिथे आपण हौसेने घालायचं नाही. मेन बेअरिंगच्या कॅप ब्लॉकवर धातूला धातू बसतात, कारण त्या बसवूनच भोक गोल केलेलं असतं. जुन्या फोक्सवॅगन बीटलमध्ये तर अख्खा क्रँककेस दोन फाळ्यांचा असून मध्ये कागद नाही, फक्त पातळ सीलंट. तिथे कागद घातला तर बेअरिंगची घरं लंबगोल होतील. खोलताना जिथून पॅकिंग निघालं तिथे त्याच जाडीचं पॅकिंग, जिथे नव्हतं तिथे नाही, एवढं तुमच्या मिस्त्रींना सांगा. चांगला कारागीर असेल तर लगेच मान्य करेल.

मग सिलिकॉन कुठे? चेंबरचं पॅकिंग टायमिंग कव्हरला जिथे भेटतं त्या कोपऱ्यांवर, तांदळाच्या दाण्याएवढं. दोन तुकडे एकमेकांना भिडतात तिथेही तसंच. लावायच्या आधी दोन्ही बाजू थिनरने पुसून कोरड्या करा, आणि ऑइल भरायच्या आधी पूर्ण एक दिवस सुकू द्या.

हेड कसताना मधल्यापासून सुरुवात करून बाहेरच्या दिशेने, टप्प्याटप्प्याने, टॉर्क पान्यानेच कसा. गाडी सुरू करून तापवा, पूर्ण थंड होऊ द्या आणि पुन्हा कसा. साधारण 500 किलोमीटरनंतर थंड इंजिनावर आणखी एकदा. दर वेळी हेड कसलं की टॅपेट (व्हॉल्व्हची फट) परत लावून घ्या, कारण हेड खाली बसलं की ती मापंही हलतात.