कोळशाची पितळी इस्त्री वापरण्यापूर्वी

जुन्या बाजारातून आणलेली पितळी इस्त्री शोभेसाठी न ठेवता आपण वापरणार आहात, हे वाचून आनंद झाला. आमच्या घरी दर रविवारी तशीच इस्त्री पेटवण्याचे काम माझ्याकडे असे आणि तापलेल्या सुती कापडाचा तो वास मला अजून आठवतो.

कोळसा लाकडीच घ्यावा. निखारे अंगणात फुलवावेत आणि इस्त्रीही मोकळ्या हवेतच करावी, कारण निखाऱ्यांतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वासही नसतो आणि बंद खोलीत तो जीवावर बेततो. झाकणाची खिट्टी नीट बसली आहे ना, हे दर वेळी पाहावे; राख झटकायची ती कपड्यांपासून दूर जाऊन, नाहीतर पांढऱ्या सदऱ्याला ठिणगीचे भोक पडलेच म्हणून समजा (वडिलांचा एक सदरा मी असाच घालवला). उष्णता आपोआप आवरणारी कळ हिच्यात नसल्याने टेरिलीन, नायलॉन यांच्या वाटेला जाऊ नये. सुती कापड मात्र किंचित ओलसर असावे. हात दाबून चालवू नये, इस्त्रीचे वजनच पुरेसे असते. पितळ चिंचेने उजळावे, पण इस्त्री पूर्ण निवल्यावरच, आणि मुठीचे लाकूड भिजू देऊ नये.