आधी मागचा हिशोब लावा, मग अभ्यासिकेसाठी पैसे मागा

तुम्ही लिहिलंय की पस्तीस मुलांचं तरुण मंडळ आहे, गणपतीची वर्गणी जेमतेम खर्चापुरती जमते आणि आता वर्षभर चालणारी अभ्यासिका काढायची आहे, तर पैसे कुठून आणायचे? आणि शेवटी जाता जाता म्हटलंय, ‘मागच्या वर्षीचा हिशोब अजून लागलेला नाही.’ मी अकरा वर्षं आमच्या मंडळाचा खजिनदार होतो. माझ्या मते खरी अडचण त्या शेवटच्या वाक्यात आहे. ती सुटेपर्यंत एकही नवी पावती फाडू नका.

आमच्याकडे एका वर्षी ५० पावत्यांचं एक पुस्तक हरवलं. ज्याच्याकडे होतं तो मुलगा प्रामाणिक, पैसे त्याने आणून दिले होते. पण स्थळप्रतीच, म्हणजे पावती फाडल्यावर पुस्तकात उरणारे भागच, नाहीत म्हटल्यावर कोणी किती दिले ते सांगता येईना आणि गल्लीत कुजबुज सुरू झाली. मग आम्ही तिघं पुन्हा घरोघर गेलो, पुस्तक हरवल्याचं सरळ सांगितलं आणि लोकांकडच्या पावत्या बघून यादी केली. एका आजींनी देव्हाऱ्यातल्या पोथीत घडी घालून ठेवलेली पावती काढून दाखवली. ५१ रुपयांची. आपल्याला ती रक्कम किरकोळ वाटते, त्यांनी ती पोथीत जपली होती. पूर्ण यादी आम्ही चौकातल्या फळ्यावर लावली, न सापडलेल्या दोन पावत्यांच्या नोंदीसकट. कुजबुज थांबली ती त्या यादीमुळे.

तेव्हापासून पावती पुस्तकं क्रमांक घालूनच छापतो, आणि कोणतं पुस्तक कोणाला दिलं त्याची वहीत सही घेतो. जमलेली रोकड त्याच रात्री खजिनदाराकडे आणि दुसऱ्या दिवशी बँकेत. वर्गणीच्या हातातल्या पैशांतून परस्पर खर्च करायचा नाही, मांडववाला विसार मागत दारात उभा असला तरी नाही. बहुतेक मंडळांचे हिशोब इथेच अडकतात: एकाने दोन हजार तिथल्या तिथे दिले, बिल नाही, आणि आठ दिवसांनी त्यालाही आठवत नाही. क्यूआर कोडही कोणाच्या वैयक्तिक खात्याचा नको. मंडळाच्या नावाने पॅन आणि खातं काढा, दोघांच्या सहीशिवाय पैसे निघणार नाहीत असं.

अभ्यासिका वर्षभर चालवायची तर मंडळाची नोंदणी करूनच टाका. सात सभासद असले की १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली संस्था होते, आणि महाराष्ट्रात तिची १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही नोंद होते. नोंदणी नसेल तर गणपतीच्या वर्गणीसाठी याच १९५० च्या कायद्याच्या कलम ४१ क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते. अर्ज ऑनलाइन होतो.

आता पैशांचं. सुरुवात घरातून करा. पस्तीस जणांनी महिन्याला शंभर रुपये दिले तर वर्षाचे ४२,००० होतात. जागा भाड्याने घेऊ नका, शाळेची रिकामी खोली किंवा ग्रामपंचायतीचं सभागृह संध्याकाळपुरतं मागा. मग वीजबिल, वर्तमानपत्रं, साफसफाई आणि थोडी पुस्तकं एवढाच खर्च उरतो, आणि तो वर्गणीतच भागायला हवा. टेबलं, खुर्च्या, कपाट या एकदाच लागणाऱ्या वस्तूंसाठी देणगी मागा. यात्रेला गावी आलेल्या मुंबईकर-पुणेकरांना ‘अभ्यासिकेला मदत करा’ म्हणण्यापेक्षा ‘चार खुर्च्या द्या’ म्हटलेलं पटकन पोचतं. नेत्यांची देणगी पावती फाडून जरूर घ्या, पण महिन्याचा खर्च तिच्या भरवशावर ठेवू नका, निवडणूक सरली की ती थांबते.

परदेशातल्या मित्राकडून घेताना त्याचा पासपोर्ट विचारा. भारतीय पासपोर्ट असेल तर बँकेतून घेता येते. परदेशी नागरिकत्व घेतलं असेल तर ती विदेशी देणगी ठरते, आणि त्यासाठी केंद्र सरकारकडे वेगळी नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. देणगीदाराला आयकरात सवलत हवी असेल तर संस्थेला आयकर खात्याची मान्यता घ्यावी लागते, आणि २,००० रुपयांवरच्या रोख देणगीवर ती सवलत मिळतच नाही. लकी ड्रॉची कुपनं विकायचं कोणी सुचवेल, त्या वाटेला जाऊ नका. परवानगीशिवाय सोडत काढणं गुन्हा आहे आणि पोरांवर केस झाली तर नोकरीच्या वेळी आडवी येते.

मागच्या वर्षीसाठी एवढंच करा: सगळ्या स्थळप्रती, पासबुक आणि बिलं घेऊन कार्यकारिणीने एकत्र बसायचं. दोन संध्याकाळी पुरतात. ज्या खर्चाचं बिल नाही, तिथे ‘बिल नाही’ असंच लिहा. तूट निघाली तर तीही लिहा. आमची पहिल्या खेपेला ३,५०० रुपयांची निघाली होती. कार्यकारिणीतल्या आम्ही सात जणांनी पाचशे-पाचशे भरले, आपल्याच नावाच्या पावत्या फाडल्या आणि मग तो जमाखर्च फळ्यावर लावला.