झिम्बाब्वेतल्या 'फ्रेंडशिप बेंच' संस्थेत समुपदेशन नक्की करतं कोण, डॉक्टर का व्हॉलंटियर?

मुख्यतः आज्या करतात, डॉक्टर नाही. डिक्सन चिबांडा नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाने २००६ मधे हरारेच्या म्बारे वस्तीत १४ आज्यांना घेऊन हे सुरू केलं, कारण त्यांची एक पेशंट बसच्या भाड्याला पैसे नाहीत म्हणून हॉस्पिटलपर्यंत येऊच शकली नाही आणि तिने आत्महत्या केली. दवाखान्याबाहेर लाकडी बाक, त्यावर आजी आणि पेशंट शेजारी शेजारी, आधी शोना भाषेतले १४ प्रश्न विचारायचे आणि मग सगळे प्रॉब्लेम एकदम न घेता एकच निवडून त्यावर काय करता येईल ते त्या माणसाकडूनच काढून घ्यायचं, असं साधं काम. 'डिप्रेशन' म्हणत नाहीत, 'कुफुंगिसिसा' म्हणतात, म्हणजे फार विचार करणं (आपल्याकडे "डोक्याला ताप" म्हणतात ना, साधारण तसंच). नंतर बाकावर येऊन गेलेल्या बायका गोल करून बसतात, गप्पा मारत रिसायकल प्लास्टिकच्या पिशव्या विणतात, त्यातून दोन पैसे पण सुटतात. हे सगळं हवेत नाही, २०१६ मधे जामा जर्नलमधे ५७३ जणांची ट्रायल आली, त्यात सहा महिन्यांनी बाकावाल्या ग्रुपमधे लक्षणं उरलेले सुमारे १४ टक्के आणि नेहमीची ट्रीटमेंट घेतलेल्यांमधे ५० टक्के.

फक्त एक, या कोणी रस्त्यावरून उचलून आणलेल्या आज्या नव्हेत, आधीपासून शहराच्या आरोग्यसेविका होत्या, वर ट्रेनिंग आणि सुपरव्हिजन असतं आणि आत्महत्येचे विचार वगैरे असतील तर केस पुढे पाठवतात.